मास्तरांची वही आणि शेजाऱ्यांचं मौन : आयर्लंड, १९३७

सप्टेंबर १९३७. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी काउंटीतली खेड्यातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन शिक्षक, एका खोलीत तीन-चार इयत्ता, शेकोटीसाठी पोरांनी घरून आणलेली जळणाची ढेकळं. हे जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली काळी माती. शिक्षकाला तिकडच्या खेड्यांत ‘मास्टर’ म्हणत, आपण मास्तर म्हणतो तसंच. मास्तर वरच्या वर्गातल्या पोरांना सांगतात, यंदा निबंध मनाने लिहायचा नाही. घरी जा, आजीला विचारा, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा आणि ते सांगतील ते लिहून आणा.

असा प्रसंग त्या वर्षी देशभर घडला. आयरिश लोकसाहित्य आयोग १९३५ साली स्थापन झाला होता आणि शेमस ओ डिलर्गा त्याचे संचालक होते. पगारी संग्राहक मोजके आणि गावं हजारो, तेव्हा त्यांनी शिक्षण खातं आणि शिक्षकांची संघटना यांना हाताशी धरलं. आयोगाचे शॉन ओ सूलवान यांनी शिक्षकांसाठी एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यात ५५ विषय दिले. ११ ते १४ वर्षांच्या पोरांनी आठवड्याच्या निबंधाच्या तासाला त्या विषयांवर लिहायचं. हे काम १९३९ च्या सुरुवातीपर्यंत चाललं. ५,००० च्या आसपास शाळा, ५०,००० हून अधिक मुलं आणि मिळून सुमारे ७,४०,००० पानं. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिला होता. तिथल्या सरकारने भाग घेतला नाही, त्यामुळे हे सगळं दक्षिणेतल्या २६ काउंट्यांचं.

मी गेले काही महिने ही पानं वाचते आहे. ‘डूखस’ नावाच्या संकेतस्थळावर ती गाववार लावून ठेवली आहेत. हा शब्द वारसा, माती, रक्तातून आलेलं असं सगळं एकदम सांगतो. हस्तलिखितं टंकून देण्याचं काम तिथे स्वयंसेवक करतात आणि त्या उपक्रमाला नाव दिलंय ‘मेहल’. शेतात एका घराचं काम निघालं की शेजारच्या साऱ्या घरांनी माणसं पाठवायची आणि त्या घराने जेवू घालायचं, ती ही चाल. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. शब्दासाठी मला शोधाशोध करावी लागली नाही याचा आनंद झाला.

वहीचं एक पान जवळून पाहू. वर मधोमध विषय, ‘दुष्काळाचे दिवस’ किंवा ‘गावचा लोहार’. खाली टाकाने, शाई जपून वापरत लिहिलेला मजकूर, कुठे आयरिश भाषेत जुन्या वळणाच्या अक्षरांत, कुठे इंग्रजीत. शेवटी मुलाचं नाव आणि वाडी. त्याखाली मला सगळ्यात मोलाची वाटणारी ओळ: हे कुणी सांगितलं, वय किती, राहणार कुठे. सांगणारा बहुधा साठी-सत्तरी-ऐंशीचा, मुलाचा आजा नाहीतर शेजारी. चांगली पानं निवडून मोठ्या सरकारी वहीत उतरवून घेणं हे मास्तरांचं काम. बऱ्याच ठिकाणी ते त्यांनी वळणदार अक्षराच्या पोरांकडून करून घेतलं.

विषयांची यादी वाचताना हेवा वाटतो. गुप्तधन, झाडपाल्याची औषधं, लोणी काढणं, बटाट्याचं पीक, पायांची निगा, फिरस्ते लोक, पवित्र झरे, जमीनदार, जुन्या शाळा. इंग्रजी कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी होती तेव्हाच्या, कुंपणाच्या आडोशाने भरणाऱ्या शाळांची वर्णनं तर इतकी आहेत, की एखाद्या गावात मास्तर कुठे बसायचा ती जागासुद्धा सांगणारा बोटाने दाखवतो.

पण या यादीत एक भगदाड आहे, आणि माझ्या दृष्टीने खरं प्रकरण तेच आहे.

पोरं या वह्या लिहीत होती तेव्हा आयर्लंडचं यादवी युद्ध संपून जेमतेम चौदा वर्षं झाली होती. १९१९ ते १९२१ ब्रिटिशांशी लढाई झाली. ६ डिसेंबर १९२१ ला लंडनमध्ये तह झाला. तो स्वीकारायचा की नाही यावर आयरिश संसदेत ६४ विरुद्ध ५७ अशी मतं पडली आणि देश उभा चिरला. जून १९२२ पासून मे १९२३ पर्यंत कालचे साथी एकमेकांवर गोळ्या झाडत होते. नव्या सरकारने ७७ कैद्यांना रीतसर देहदंड दिला. म्हणजे १९३७ साली चुलीपाशी बसलेल्या चाळिशीच्या प्रत्येक गड्याला ते दिवस ताजे आठवत होते. पोर वही घेऊन समोर बसलंय, आणि तो गडी सांगतो आहे परीच्या टेकाडावरून चालत गेलेल्या माणसाची गोष्ट.

५५ विषयांत १९१९ ते १९२३ या वर्षांसाठी मथळा नाही. ‘गावातल्या घटना’, ‘ऐतिहासिक परंपरा’ अशी सैल दारं होती आणि त्यांतून ब्रिटिशांविरुद्धच्या लढाईच्या काही हकिगती आत आल्याही. यादवीच्या मात्र फारशा आल्या नाहीत. आयोगाने मुद्दाम दडपलं असा आरोप मला करायचा नाही. ओ डिलर्गांना घाई होती ती ऐंशीच्या म्हाताऱ्यांची. आयरिश भाषा बोलणारी ती शेवटची मोठी पिढी डोळ्यांदेखत जात होती, आणि तिच्याबरोबर हजार वर्षांच्या कथा. चाळिशीच्या माणसाची आठवण थांबू शकत होती. शिवाय मास्तर स्वतः कुठल्यातरी बाजूचे असत. १९१७ साली उपोषणात जबरदस्तीने अन्न घालताना मरण पावलेला टॉमस अ‍ॅश हा याच केरीतल्या लिस्पोलचा, पेशाने शिक्षक. अशा पेशातल्या माणसाने गावच्या पोरांना ‘तुझ्या बापाने बावीस साली काय केलं ते लिहून आण’ असं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरली नसती. शाळेचा व्यवस्थापक असे गावचा पाद्री, आणि तोही या भांडणात अलिप्त नव्हता: ऑक्टोबर १९२२ मध्ये बिशपांनी पत्रक काढून तहविरोधी बंडखोरांना धर्मसंस्कार नाकारले होते. रविवारी साऱ्या गावासमोर प्रसाद नाकारला जाणं काय असतं, हे ज्या घराने सोसलं ते घर विसरणार नव्हतं.

मग शेजारी बोलत काय होते?

राजकारण. आणि ते भरपूर. सकाळी गाढवाच्या गाडीवर दुधाचे कॅन लादून शेतकरी गावच्या डेअरीवर रांगेत उभे राहत. ही सहकारी डेअरी आयर्लंडच्या खेड्याचा पार होता. पहिली १८८९ साली लिमरिक काउंटीतल्या ड्रमकॉलहरला निघाली, आणि १९२० साली ब्रिटिश फौजांनी बदला म्हणून अशा कित्येक डेअऱ्या जाळल्या, कारण गावाचा रोजचा पैसा तिथूनच येई. १९३७ मध्ये त्या रांगेत बोलायला विषय कमी नव्हते. जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी शेतकऱ्यांना मिळालेल्या जुन्या कर्जाचे हप्ते ब्रिटनला द्यायचे डी व्हॅलेरांच्या सरकारने थांबवले होते. ब्रिटनने उलट आयरिश गुरांवर जबर कर बसवला होता. वासरांना भाव उरला नाही, कातड्यासाठी सरकार बक्षिशी देऊन ती मारायला लावत होतं. त्यातच १ जुलैला निवडणूक आणि नव्या राज्यघटनेवर सार्वमत एकाच दिवशी झालं. रांगेतला एक म्हणे डी व्हॅलेराने गरिबाला उभं केलं, दुसरा म्हणे डी व्हॅलेराने शेतकरी बुडवला.

हे भांडण वासरांच्या भावाचं होतं, पण आतून ते १९२२ चंच होतं. डी व्हॅलेरा तह नाकारणाऱ्यांचा नेता. त्याचा पक्ष फिआना फॉल १९२६ चा, १९३२ पासून सत्तेत. तह मानणाऱ्यांचा पक्ष १९३३ मध्ये फिना गेल झाला. कुणी कुणाला मत देतो हे गावात जवळजवळ घराण्यावरून ठरे. ‘ते घर फिना गेलचं’ एवढं म्हटलं की बंदूक, तुरुंग, भावाचं अमेरिकेला निघून जाणं, सारं त्यात आलं. ज्या गोष्टी उघड बोलता येत नव्हत्या त्या पक्षाच्या नावात घडी घालून ठेवलेल्या होत्या, आणि डेअरीच्या रांगेत रोज त्या बोलल्या जात. पोरांच्या कानांवर हे पडतच होतं. वहीत ते आलं नाही, कारण ‘राजकारण’ हा लोकसाहित्याचा विषय नव्हे असं मास्तर, बाप आणि आयोग या तिघांनाही वाटत होतं.

मौनाचं कारण भीती असं म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते अपुरं वाटतं. या गावांत माणूस माणसाला लागत होता. मळणीचं यंत्र गावात वर्षातून एकदा येई. ते आलं की एका घराच्या बळावर काम उरकत नसे, पंधरा-वीस हात लागत. त्या हातांत दोन्ही बाजूंचे हात असत. दुपारी एकाच टेबलाशी बटाटे आणि मटण. तिथे बावीस सालचा विषय निघाला तर उद्याच्या घरची मळणी अडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या टेबलाभोवती प्रत्येकाला ठाऊक होतं. वाढणाऱ्या बाईला तर सगळ्यात जास्त, कारण लढाईच्या दिवसांत लपलेल्या तरण्या पोरांना त्याच स्वयंपाकघरात तिनेच जेवू घातलं होतं.

मूठ झाकायची ही सवय दुष्काळाच्या पानांतही दिसते, आणि ते वाचल्यावर मी चपापले. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्याला १९३७ मध्ये नव्वद वर्षं होत आली होती. ‘दुष्काळाचे दिवस’ या मथळ्याखाली हजारो पानं आहेत, तपशील अंगावर येतात. पण पान उलटत गेलं की लक्षात येतं, मेले ते बहुतेक वेळा पलीकडच्या वाडीतले. अन्नछत्रातल्या सूपासाठी धर्म बदलला तो दुसऱ्या कुळातला. शेजाऱ्याची सुटलेली जमीन बळकावली ती कुणीतरी, नाव आठवत नाही. स्वतःच्या घरातलं मरण, स्वतःच्या आज्याने घेतलेली शेजाऱ्याची पट्टी, हे पोराच्या वहीत फार क्वचित उतरतं. नव्वद वर्षांनीही जर हे जड जात असेल, तर चौदा वर्षांनी काय अपेक्षा करायची.

आता त्याच वर्षांतलं दुसरं लेखन पाहा. १९२४ च्या कायद्याने सरकारी सैन्यात गेलेल्या जुन्या लढवय्यांना निवृत्तिवेतन मिळू लागलं होतं. १९३४ च्या कायद्याने तहविरोधी गटालाही ते खुलं झालं, आणि घरं-निरोप-हत्यारं सांभाळणाऱ्या महिला संघटनेच्या बायकांनाही. त्यासाठी अर्ज भरायचा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या तुकडीत, कुठल्या चकमकीत, कुणाच्या हाताखाली. शपथेवर साक्ष द्यायची. आणि साक्षीदार म्हणून कुणाची नावं? आजूबाजूच्याच माणसांची. ८० हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले, बहुतेक नाकारले गेले.

म्हणजे एकाच घरात, एकाच टेबलावर, थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन कागद भरले गेले. पोराच्या वहीत परीचं टेकाड. बापाच्या अर्जात पुलाखाली किती वाजता सुरुंग पेरला. पहिला कागद राष्ट्राला दाखवायचा, दुसरा पाकिटात बंद करून डब्लिनला. आठवण पुसली गेली नव्हती. कोण ऐकतंय ते पाहून ती आपली वाट धरत होती. या सगळ्या प्रकरणातून मला काही सांगायचं असेल तर ते एवढंच, आणि ते मी पूर्ण विचाराने म्हणते. ‘आयरिश लोक यादवीबद्दल बोललेच नाहीत’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते बोलले. शाळेच्या वहीशी बोलले नाहीत.

केरीत हे मौन सर्वात घट्ट होतं, त्याला तसंच कारण होतं. ६ मार्च १९२३ ला नॉकनागोशेल इथे बंडखोरांनी पेरलेल्या सुरुंगाने सरकारी सैन्याचे पाच जण मारले. दुसऱ्या पहाटे ट्रलीहून नऊ कैद्यांना बॅलीसीडीच्या रस्त्यावर नेलं. त्यांना एकमेकांना बांधलं, मध्ये सुरुंग, आणि तो उडवला. आठ जण ठार. नववा, स्टीफन फुलर, स्फोटाच्या धक्क्याने बाजूला फेकला गेला आणि सरपटत निसटला. सैन्याला कळलंच नाही. त्यांनी नातेवाइकांच्या हवाली नऊ शवपेट्या केल्या. जे मारले गेले ते केरीचे, आणि मारणाऱ्या सैन्यातही केरीची माणसं होती. फुलर पुढे शेती करू लागला. १९३७ ते १९४३ तो उत्तर केरीतून फिआना फॉलचा खासदार होता, म्हणजे पोरं वह्या लिहीत होती नेमक्या त्याच वर्षांत. असा जिवंत पुरावा मतांसाठी वापरणं किती सोपं होतं! त्याने आपली हकिगत टीव्हीवर सांगितली ती थेट १९८० मध्ये, ब्रिटिश वाहिनीच्या मुलाखतकाराला. म्हातारा माणूस, आवाज चढवत नाही, दोर कुठे बांधला ते सांगतो. चार वर्षांनी तो वारला. त्याच्या आवाजात शेजाऱ्यांविषयी विखार शोधूनही सापडत नाही, आणि त्याबद्दल मला त्याच्यासमोर मान झुकवावीशी वाटते.

याच काउंटीतली एक युद्धाची आठवण मात्र खुशाल सांगितली जाते. ४ ऑक्टोबर १९३९, दुसरं महायुद्ध सुरू होऊन महिना झालेला. डिंगलजवळच्या व्हेंट्रीच्या खाडीत भरदिवसा एक जर्मन पाणबुडी वर आली. तिने आदल्या दिवशी ‘डायमांटिस’ हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं होतं. कप्तान वेर्नर लॉटने त्यावरच्या २८ खलाशांना पाणबुडीत घेतलं होतं. आता छोट्या होडीतून फेऱ्या मारत त्यांना किनाऱ्यावर उतरवलं आणि पाणबुडी निघून गेली. तटस्थ देशाच्या किनाऱ्यावर भिजलेले, थकलेले ग्रीक. गावकऱ्यांनी त्यांना घरात नेलं, खाऊ घातलं. २००९ मध्ये तिथे स्मारकाचा दगडही बसला. ही गोष्ट व्हेंट्रीत सत्तर वर्षं मोकळेपणाने सांगितली जात होती, कारण तिच्यात दोन्ही बाजू परक्या होत्या आणि गावाच्या वाट्याला आली होती फक्त चांगुलपणाची भूमिका. मैलभर पलीकडच्या घरातलं तेवीस साल मात्र तसंच झाकलेलं.

सरकारनेही पुढे मोठ्यांच्या आठवणी गोळा केल्या. १९४७ मध्ये लष्करी इतिहासाची कचेरी निघाली, तिने १,७७३ साक्षी नोंदवल्या. मर्यादा आधीच आखलेली: १९१३ ते जुलै १९२१ च्या शस्त्रसंधीपर्यंत. यादवी वगळून. ते कागदही १९५९ मध्ये ८३ पोलादी पेट्यांत कुलूपबंद झाले आणि २००३ मध्ये उघडले. त्याच सुमारास अर्नी ओमॅली नावाचा तहविरोधी सेनानी, अंगात जुन्या गोळ्यांच्या जखमा घेऊन, जुन्या गाडीने गावोगाव हिंडत होता. त्याने ४५० हून अधिक माणसांना बोलतं केलं, यादवीबद्दलसुद्धा, आणि वह्या भरल्या. अक्षर इतकं किरटं, की अभ्यासकांना ते लावायला वर्षं लागली. सरकारी अधिकाऱ्याला न सांगितलेलं त्याला सांगितलं, कारण तो त्यांच्यातला होता.

शाळांचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगते, कारण ते मनाला लागतं. १९६० च्या दशकापासून एक-दोन शिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळायचं धोरण आलं. त्या ५,००० पैकी कितीतरी इमारती आज गोठे किंवा सुट्टीतली घरं आहेत. केरीच्या पश्चिम टोकाला डून खीनची शाळा १९७० मध्ये बंद केली, तेव्हा पालकांनी पोरं दुसरीकडे धाडायला नकार दिला, शाळा आपल्या बळावर चालवली, मोर्चे काढले. १९७३ मध्ये सरकार बदललं आणि नव्या मंत्र्याने ती पुन्हा उघडली. गावाला आपली शाळा म्हणजे काय वाटतं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आणि त्या डेअरीच्या रांगेतलं भांडण? २७ जून २०२० ला, कोरोनामुळे संसद नेहमीच्या इमारतीऐवजी डब्लिनच्या परिषद केंद्रात भरली होती, तेव्हा ९३ विरुद्ध ६३ मतांनी फिआना फॉलचे मायकल मार्टिन पंतप्रधान झाले, फिना गेलच्या पाठिंब्याने. हे दोन पक्ष एका मंत्रिमंडळात बसण्याची ती पहिलीच वेळ, तहाला जवळपास शंभर वर्षं झाल्यावर. मध्यावर पंतप्रधानपद फिना गेलकडे जायचं ठरलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तसं गेलंही. तेव्हाचे नेते लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले तेव्हा आपल्याकडे बातमीत कौतुक झालं ते कोकणच्या नातवाचं. ज्या पक्षाचं नाव घेताच केरीतल्या एखाद्या घरात चमचे थांबत, त्या पक्षाचा हा नेता अशा घरातला होता ज्याच्या बापाचा १९२२ शी काहीही संबंध नव्हता. दोन्ही पक्ष एका टेबलाशी बसले तेव्हा एका बाजूला असा माणूस होता, हे मला फार बोलकं वाटतं.

निवृत्तिवेतनाच्या फायली २०१४ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. शाळेच्या वह्याही संगणकावर आहेत. आता केरीतली एखादी पणती वाडीचं नाव टाकते आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडते. डावीकडे १९३८ सालचं पान, परीच्या टेकाडाची गोष्ट, ‘सांगणार’ म्हणून पणजोबांचं नाव आणि वय, अक्षर अकरा वर्षांच्या आजीचं. उजवीकडे अर्ज, तारखा, पूल, सुरुंग, अक्षर पणजोबांचं. साक्षीदाराच्या रकान्यात ज्या शेजाऱ्याचं नाव आहे, त्याच्या घरी आजीला लहानपणी कुणी जाऊ देत नसे.